म्हातारीचं बी

२४ मे

नोंदवहीच्या पहिल्या पानावर नाव, गाव, हुद्दा लिहायची जुनी सवय आहे. तर पुंडलिकराव, मुक्काम नालवाडी, वर्धा. कापूस खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं ग्रेडर, आता निवृत्त. वही ज्योत्स्नाने दिली. नागपूरला सासरी परत जाताना टेबलावर ठेवून म्हणाली, रोज दोन ओळी लिहा बाबा, मोकळं वाटेल. पोरीला वाटतं बापाचं मन म्हणजे गाठोडं आहे, गाठ सोडली की रिकामं.

अंकित जाऊन आज पाच महिने तेरा दिवस झाले. लिहून पाहिलं. काही मोकळं वाटलं नाही.

२७ मे

उठायला दहा वाजले. लवकर उठून करायचं काय? सुमित्रा भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. अर्धी पोळी खाते, तीही मी समोर बसलो तर. चहा ज्याला आधी जाग येईल त्याने करायचा असं न बोलता ठरलं आहे. बरेचदा अकरापर्यंत चहाच होत नाही.

आज कूलरचा पंप शोधायला अंकितच्या खोलीत गेलो. पलंगावरच्या खुंटीला मक्याची सात वाळकी कणसं टांगलेली. पाला मागे सारून वेणी घातलेली, अगदी नीट. दोरीला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर त्याचं अक्षर, "म्हातारी. जूनमध्ये."

म्हातारी म्हणजे सुमित्राची आई, वडनेरची. तिच्याकडे हा गोड मका पिढ्यान् पिढ्या असायचा. ती जायच्या आधी अंकित तिच्याकडून दोन मुठी बी घेऊन आला आणि परसात लावू लागला. सहा वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, एकीतही नाव लागलं नाही, आणि मग हे. सकाळ-संध्याकाळ त्या मक्यात. मला ते बघवत नसे. अठ्ठावीस वर्षांचा बी.एस्सी. झालेला मुलगा, लोक नोकरीचं विचारत तेव्हा मी विषय बदलायचो.

पांढऱ्याशुभ्र कापसात एखादी कडक, डागाळलेली पाकळी निघते, तिला आम्ही कवडी म्हणतो. सापडली की माल खालच्या प्रतीत. एकदा जेवताना मी बोलून गेलो, आमच्या घरात एवढी एक कवडी निघाली. तो हसला आणि ताट घेऊन मोरीकडे गेला. सुमित्राने त्या दिवसापासून हा शब्द घरात काढू दिला नाही.

पुठ्ठा सोडून आणला. या वहीत खूण म्हणून ठेवला आहे.

१ जून

सुमित्राला कणसं दाखवली. तिने हातात घेतली, हुंगली, छातीशी धरली. रडली नाही. मग म्हणाली, "त्याचा भुट्टा एकडाव खाईन म्हणते."

पाच महिन्यांत तिने काहीही मागितलं नव्हतं. औषधसुद्धा नाही. मी म्हणालो, खाशील. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तुझ्या हातात देतो. वर्ष झालं नसल्याने यंदा महालक्ष्म्या बसणार नाहीत, पण मका कोणाचं सुतक पाळत नाही.

झोपताना वाटलं, आपण शब्द देऊन बसलो. जन्मात एक रोप लावलेलं नाही. पण बी पारखता येतं, आणि निम्मी शेती तिथेच होते.

३ जून

सकाळी ओट्यावर चादर पसरून सातही कणसांचे दाणे काढले. माल पाहून जीव खट्टू झाला. निम्म्याहून जास्त पोचट. सुरकुतलेले, चपटे, तळहातावर घ्यावेत तर वजनच नाही. पोराला साधं बी धरता आलं नव्हतं. वाईट वाटलं, पण माल तो माल, तिथे नातं बघून चालत नाही.

मग बसून एकेक दाणा वेचला. दीड तास लागला. टपोरे, चकचकीत, पहिल्या प्रतीचे वेगळे केले. हात अजून विसरलेला नाही, डोळे मिटूनसुद्धा बोटांना कळत होतं. मनात म्हटलं, अंकित, तुझा पेपर मी पास करून देतो.

उरलेला पोचट कचरा शेजारच्या चंद्रभानच्या कोंबड्यांपुढे टाकला.

सुमित्रा तेवढ्यात बाहेर आली. आपण होऊन अंगणात यायची तिची ही पहिलीच वेळ. कुंपणाशी उभी राहून तिने विचारलं, "कोंबड्यायले काय टाकलं?" मी सांगितलं, पोचट निवडून टाकलं, चांगलं ठेवलं. कोंबड्यांनी एव्हाना जमीन साफ केली होती. ती बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. मग माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मी वाटी पुढे केली, म्हटलं, बघ कसा माल आहे.

"चांगला हाये," म्हणाली आणि आत गेली. दिवसभर जेवली नाही. उन्हाने चक्कर आली असावी. बरी होत होती, पुन्हा भिंतीकडे तोंड.

८ जून

पेरलं. सुमित्राने आपण होऊन सांगितलं की तिची आई एका जागी दोन दाणे टाकायची. टाकले.

१५ जून

सगळं उगवलं. एकही खाडा नाही. चंद्रभानला बोलावून दाखवलं. त्याचा म्हशींसाठीचा मका कुंपणापलीकडे आहे, दरवर्षीच असतो. तो म्हणाला, तुमचा मका तर माह्या मक्यापेक्षा जोरदार निघाला भाऊ. मी म्हणालो, बी निवडण्यावर असतं सगळं.

१४ जुलै

हल्ली साडेपाचला उठतो. आळस करून चालत नाही, तण वाढतं, खत द्यावं लागतं, आणि पोपटांचं लक्ष आत्तापासून आहे. सुमित्रा चहा घेऊन परसात येते, धुण्याच्या दगडावर बसते. मी काम करतो, ती मला बघते. मक्याकडे फारशी बघत नाही, मलाच बघते. काल चक्क दोन पोळ्या खाल्ल्या. मी म्हटलं, भूक लागायला लागली. ती म्हणाली, तुमी जेवता तर मीही जेवते.

दाढीसुद्धा रोज करतो आहे.

५ ऑगस्ट

तुरे आले. खालच्या कणसांचे केस डोकावू लागले. अंकितच्या कपाटात त्याने शिवलेल्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा मिळाला. तो या दिवसांत कणसांवर त्या चढवून बसायचा. मी त्यांना टोप्या म्हणायचो. कोणी पाहुणा आला की सांगायचो, आमच्याकडे मक्याचीही मुंज होते.

गेल्या वर्षी याच सुमारास हिंगणघाटहून मुलीकडचे लोक त्याला बघायला येणार होते. परसात ओळीने टोप्या घातलेला मका पाहून त्यांना काय वाटलं असतं? तो आंघोळीला गेला तेव्हा मी सगळ्या टोप्या उतरवून माळ्यावर टाकल्या. तो बाहेर आला, मक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एक दिवस थांबले असते बाबा," एवढंच म्हणाला. स्थळ जमलं नाहीच. मुलीच्या बापाने नोकरीचं विचारलं.

आज पुढच्या ओळीतल्या बारा कणसांना टोप्या मीच घातल्या. नीट, गच्च, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोऱ्याने बांधून. दोरा बांधताना रडू आलं ते आवरलं नाही. अंकित, तुझी टोपी तुला परत दिली रे बाबा. माफ कर.

९ ऑगस्ट

राखी. ज्योत्स्नाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

२३ ऑगस्ट

टोप्या काढून पाहिल्या. बाराही कणसं रिकामी. आत नुसता दांडा, दाणा एकही नाही. चंद्रभान कुंपणावरून बघत होता. म्हणाला, नुसती टोपी घालून काय होते भाऊ, वरचा तुरा झाडून त्याची भुकटी खालच्या केसावर टाका लागते, मग टोपी. तुमचा पोरगा रोज सकाळी तेच करे. तुमी पाह्यलं नाई का कधी?

नाही पाहिलं. खिडकीतून त्याची पाठ दिसायची, तेवढी पाहिली आहे.

मागच्या ओळींना टोप्या नव्हत्या, ती कणसं भरली आहेत. नखाने टोचलं तर दूध येतं. चार-सहा दिवस अजून.

३० ऑगस्ट

आज दिला शब्द पाळला.

अंकितची एक रीत होती. आधी पाणी उकळायला ठेवायचं आणि ते खदखदलं की मग परसात जाऊन भुट्टा तोडायचा. तोडल्यावर गोडी पळते, म्हणायचा. पातेलं चुलीवर आणि नवरदेव अजून झाडावर, असं मी त्याला चिडवत असे. आज तसंच केलं. पातेलं खदखदलं, मी या वयात परसातून धावत आलो. सुमित्रा खरंच हसली.

ताटलीत तिच्यापुढे ठेवला. मीठ-लिंबू काही नाही, अंकित लावू देत नसे. टपोरा, भरगच्च, एकही दाणा कमी-जास्त नाही. तिने दाताने खाल्ला नाही. बोटांनी एकेक दाणा सोडवायची, तोंडात टाकायची. दाढ दुखत असेल. तीन-चार दाणे खाई आणि मधेच एखाद्याला थांबे, डोळे मिटून घेई, मग पुढचा. एका भुट्ट्याला पाऊण तास लावला. शेवटी नुसता दांडा उरला तोही तिने टाकला नाही, पदरात घेऊन बसली.

मी विचारलं, तोच ना? ती म्हणाली, "तोच हाये."

मी माझा चार घासांत संपवला. मला काही विशेष गोड लागला नाही. पण माझी जीभ मेली आहे, तंबाखूने गेली. तिला लागला, बस. नऊ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातून त्याच्यासाठी एक काम धड झालं.

१ सप्टेंबर

ज्योत्स्ना आली. घरात महालक्ष्म्या नाहीत, आईला रिकामं वाटेल म्हणून दोन दिवस काढून आली. मोठ्या ऐटीत तिला भुट्टा दिला. दोन घास खाल्ले आणि तिने खाली ठेवला.

"बाबा, हा दादाचा नाई."

सुमित्रा आतून झटकन आली, म्हणाली, गपचूप खा, प्रवासाने तोंड बेचव झालं तुझं. पण पोर माझी आहे, तोंडावर सांगते. तिने विचारलं, म्हातारी कुठे आहे? मी म्हटलं, म्हातारी जाऊन दोन वर्षं झाली. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हळूहळू सांगितलं.

म्हातारी म्हणजे वडनेरची आजी नव्हे. म्हातारी म्हणजे दाणा. गोड मका वाळला की सुरकुततो, म्हाताऱ्या बाईच्या गालासारखा, म्हणून आजी त्याला म्हातारी म्हणायची आणि तिचं ऐकून अंकितही. सुरकुती हीच त्याची खूण. टपोरा राहिला तो दाणा गोड नाही, त्यात चंद्रभानकाकांच्या म्हशींचा मका शिरलेला.

मी विचारलं, आपल्या कणसांत तो शिरला कसा. मग मीच सांगितलं, गेल्या वर्षी मी टोप्या उतरवल्या, पलीकडची भुकटी वाऱ्याने आली, म्हणून ना. तिने मान हलवली.

खरं काय ते सांग म्हटलं, तेव्हा सांगितलं. त्या दिवशी रात्री त्याने तिला फोन केला होता. चिडला होता का, मी विचारलं. नाही म्हणाली. तो म्हणाला होता, "बाबाले काय माहीत बिचाऱ्याले. काही बिघडलं नाई. वाळल्यावर म्हाताऱ्या तेवढ्या वेचून घेऊ."

वेचल्या. दीड तास बसून, एकेक दाणा पारखून वेचल्या आणि कोंबड्यांना घातल्या.

३ सप्टेंबर

ज्योत्स्ना गेली. काल दिवसभर मी उठलो नाही.

आज सुमित्राला विचारलं. म्हातारी म्हणजे काय हे तुला माहीत होतं, तुझ्या आईचाच शब्द तो. माहीत होतं म्हणाली. कोंबड्यांनी खाल्लं तेव्हाच कळलं होतं का? हो म्हणाली. मग तीन महिने गप्प का राहिलीस? पाणी घालू दिलंस, खत घालू दिलंस, मी चंद्रभानपुढे मिशीला पीळ देत होतो ते पाहत राहिलीस.

ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"तुमी सकाळी उठाले लागले होते," म्हणाली. "पोरगा गेला. तुमालेही कोंबड्यायपुढं टाकू का मी?"

तिच्याजवळ खाली बसलो आणि भाजी निवडू लागलो. थोड्या वेळाने तिने माझ्या पुढ्यातली जुडी काढून घेतली. चांगली पानं टाकून देत होतो.

९ सप्टेंबर

वडनेरला गेलो, सुमित्राच्या भावाकडे, अण्णाजींकडे. एसटी त्या फाट्यावरून जाते जिथे ट्रकने अंकितच्या गाडीला उडवलं. डोळे मिटून बसणार होतो, ऐनवेळी उघडे राहिले. तिथे काही नाही. रस्ता आहे.

अण्णाजी म्हणाले, भाऊजी, तो मका आई गेल्यावर कोणी लावलाच नाही. आता आमच्याकडे सगळं सोयाबीन आणि तूर. गावात घरोघरी विचारलं, उतरंडी असलेल्या दोन घरांत मडकी उतरवून पाहिली. नाही. निघताना अण्णाजींनी अवघडत सांगितलं की डिसेंबरात त्या दिवशी अंकित त्यांच्याकडेच आला होता. शेताच्या एका कोपऱ्यात येत्या पावसाळ्यात गोड मका लावू द्या म्हणून. इकडे लांब दुसरा मका नाही, बी शुद्ध राहील. "घरी जागा अपुरी पडते म्हणे," अण्णाजी म्हणाले.

घरी जागा अपुरी नव्हती. घरी मी होतो.

त्या सकाळी तो गाडी काढत असताना मी पेपर वाचत होतो. येतो बाबा म्हणाला. मी पेपरातून मान वर केली नाही. इतके महिने हे लिहायचं टाळलं, आज लिहिलं.

२८ सप्टेंबर

काही नाही. चंद्रभानला सांगितलं, उरलेला मका कापून म्हशींना ने. सुमित्रा म्हणाली, दोन ओळी उभ्या राहू द्या. का ते सांगितलं नाही. राहू दिल्या.

१९ ऑक्टोबर

घरोघरी दिवाळीची झाडझूड चालू आहे. आमच्याकडे नाही. दुपारी सुमित्रा वाळलेली कणसं ओच्यात घेऊन आली आणि ओट्यावर चादर पसरली. जूनमध्ये मी पसरली होती तीच. मी म्हटलं, काय करायचं ते सोलून, म्हशींचाच माल आहे. ती म्हणाली, बसा.

तिने पहिल्या कणसाचा पाला ओढला. टपोरे, चकचकीत दाणे ओळीने. आणि मधे एक खळगा. थोडं पुढे आणखी एक. मी चष्मा लावला. भरलेल्या दाण्यांमध्ये दाटीवाटीने बसलेला, सुरकुतलेला, चपटा. दुसरं कणीस सोललं, त्यातही. चार-पाच टपोरे, मग एक म्हातारी.

मला वाटलं होतं मी सगळं कोंबड्यांना घातलं. टपोऱ्याच्या पोटात ती दडून होती, आणि मी पेरलीही होती, मला माहीत नसताना.

दोघांनी मिळून वेचल्या. माझी बोटं सवयीने टपोऱ्याकडे जात, मी ती ओढून आणत होतो. संध्याकाळपर्यंत अर्धी वाटी भरली. वहीतला पुठ्ठा काढला आणि वाटीतलं बी पुरचुंडीत बांधून त्याला लावला. "म्हातारी. जूनमध्ये." अक्षर त्याचंच राहू दिलं. जूनमध्ये तो नसेल, पुढच्या कुठल्याच जूनमध्ये नसेल, हे पुरचुंडीला गाठ मारताना मला पहिल्यांदा पुरतं कळलं, आणि मी चादरीवर बसून पोटभर रडलो. सुमित्राने रडू दिलं.

नंतर विचारलं, यात त्या निघतील हे तुला कसं ठाऊक?

"खाताना कळलं," ती म्हणाली. "तीन-चार दाणे साधे लागत, मग मधीच एक त्याचा लागे."

म्हणजे दाढ दुखत नव्हती. पाऊण तास ती त्या भुट्ट्यात त्याला शोधत बसली होती, आणि मी समोर बसून विचारत होतो, तोच ना.

किती सापडले होते, मी विचारलं.

"मोजले नाई," म्हणाली. "संपत आला तसे हळू खाल्ले."